घर बांधण्याआधीचा हिशेब

आमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर एक घर होते. होते म्हणायचे, पण त्याला छप्पर नव्हते. भिंती खिडक्यांच्या वर आल्या आणि तिथेच थांबल्या. तीन पावसाळे त्या तशाच उभ्या राहिल्या. विटांवर शेवाळ चढले. सळयांची टोके गंजली. मधल्या खोलीत एरंड उगवला. घरमालक बायकामुलांना घेऊन शेजारीच पत्र्याच्या शेडात राहत होते.

एकदा आम्ही विचारले, "भाऊ, काम का थांबलं?"

"पैसं संपलं," ते म्हणाले.

"किती लागतील म्हणून धरलं होतं?"

"गवंडी म्हणाला, एवढ्या एवढ्यात घर उभं राहतंय. तेवढं जमवलं की! थोडं सोसायटीचं, थोडं पाहुण्यांचं. हिची बोरमाळ मोडली. पण पाया वर आला तवाच निम्मं पैसं गेलं."

गवंडी लबाड होता काय? नव्हता. घरमालक उधळे होते काय? तेही नव्हते. चूक एवढीच झाली, की दोघांनी जमिनीच्या वरचे घर मोजले. जमिनीच्या खालचे घर कोणी मोजलेच नाही.

'घर पाहावे बांधून' असे आपल्यात म्हणतात. पण बांधण्याच्या आधी घर कागदावर पाहता येते. त्याला फार मोठे शिक्षण लागत नाही. बेरीज यावी, गुणाकार यावा, आणि जवळ एक टेप असावा. आज आपण तेच करून पाहू. वही आणि पेन्सिल घ्या.

गावात कोणी घर काढले, की पहिला प्रश्न ठरलेला. "चौरस फुटाला काय भाव?" हा भाव ऐकायला सोपा वाटतो. पण त्याच्या पोटात काय काय आहे, ते कोणी विचारत नाही. पाया किती खोल धरला? गिलावा आतून-बाहेरून दोन्हीकडून धरला की एकाच बाजूने? दारे-खिडक्या त्यात आल्या का? संडास, पाणी, लाइट आले का? एक गवंडी हे सगळे धरून भाव सांगतो. दुसरा नुसत्या भिंती आणि स्लॅबचा सांगतो. दुसऱ्याचा भाव स्वस्त दिसतो आणि आपण त्याला काम देतो. म्हणून चौरस फुटाचा भाव नुसता बेत करण्यापुरता ठेवावा. त्याच्यावर कर्ज काढू नये.

मग सुरुवात कुठून करावी? खड्ड्यापासून.

घर जिथे बांधायचे, तिथे आधी एक खड्डा घ्या. माणूस आत उभा राहील एवढा रुंद पुरे. खाली घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणा. याला एका-दोघा गड्यांची एका दिवसाची मजुरी पडेल. घरातलेच हात असले तर तीही नाही. पण पुढचा अर्धा हिशेब या खड्ड्यावर अवलंबून आहे.

कसा, ते पाहा. समजा आपल्याला दोन खोल्यांचे घर बांधायचे आहे. प्रत्येक खोली आतून १० फूट रुंद आणि १२ फूट लांब. दोन्ही खोल्या शेजारी शेजारी, मध्ये एक भिंत. भिंती ९ इंच जाडीच्या, म्हणजे पाऊण फूट. समोरची आणि मागची भिंत प्रत्येकी सव्वाबावीस फूट. त्या दोघींचे साडेचव्वेचाळीस फूट झाले. दोन बाजूंच्या आणि मधली अशा तीन आडव्या भिंती, प्रत्येकी १२ फूट, म्हणजे ३६ फूट. एकूण भिंत साडेऐंशी फूट लांब. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. पुढे तो पुन्हा पुन्हा लागेल.

पायाची चर अडीच फूट रुंद धरू. मुरूम ३ फुटांवर लागला, तर गुणाकार असा:

साडेऐंशी × अडीच × ३ = सुमारे ६०० घनफूट.

शंभर घनफुटांचा एक ब्रास होतो. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १ फूट उंच असा ढीग केला, तर तो एक ब्रास. म्हणजे ही खोदाई ६ ब्रास झाली. तेवढेच पुढे भरायचे. पण जमीन काळी असली आणि मुरूम ६ फुटांवर लागला, तर खोदाई १२ ब्रास होईल. डबर दुप्पट, वाळू दुप्पट, सिमेंट दुप्पट, मजुरी दुप्पट. घर मात्र तेवढेच, दोन खोल्यांचे.

वर सांगितलेल्या भाऊंचे हेच झाले. त्यांची जागा ओढ्याकाठची, काळ्या मातीची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. शेतात उन्हाळी भेगा पडतात, त्या आपण पाहतोच. अशा मातीवर उथळ पाया टाकला, तर तीच भेग भिंतीत येते. त्यांचा गवंडी शहाणा होता. त्याने पाया खोल नेला. काम चांगले केले, पण पैसे जमिनीत गेले. खड्डा आधी घेतला असता, तर हे कागदावरच कळले असते. मग त्यांनी दोनाऐवजी एकच खोली काढली असती, किंवा दुसरी जागा पाहिली असती. काळी माती फार खोल असली, तर गवंड्यावर थांबू नका. इंजिनियरला जागा दाखवा. त्याची फी जाते, पण घर राहते.

आता भिंती. जोत्याच्या वर भिंत १० फूट उंच धरू. साडेऐंशी गुणिले दहा म्हणजे ८०५ चौरस फूट. यातून दारे-खिडक्यांची जागा वजा करा. दोन दारे ३ फूट बाय ७ फुटांची, त्यांचे ४२. तीन खिडक्या ३ बाय ४ च्या, त्यांचे ३६. एकूण ७८ गेले, राहिले ७२७. भिंत पाऊण फूट जाड, म्हणून ७२७ ची पाऊणपट करा. सुमारे ५४५ घनफूट वीटकाम निघाले.

वीट ९ इंच लांब, ४ इंच रुंद, ३ इंच उंच असली आणि सांध्यातला माल धरला, तर एका घनफुटाला साधारण साडेबारा विटा बसतात. ५४५ गुणिले साडेबारा, म्हणजे ६,८०० च्या थोड्या वर. शेकडा ५ विटा तुटी-फुटीच्या धरा. ७,२०० विटा लागतील. वीट हजारी ८,००० रुपयांनी मिळते असे समजले, तर ५७,६०० रुपये झाले. हा भाव आम्ही हिशेबासाठी धरला आहे. तुम्ही तुमच्या भट्टीचा भाव घाला, आणि गाडीभाडे त्याच्यापुढे वेगळे लिहा. भट्टी बदलली की विटेचे माप बदलते, हेही ध्यानात ठेवा. दहा विटा ओळीने लावून मोजल्या, की खरे माप कळते. वीट लहान आणि भाव कमी, तर ती स्वस्त पडेलच असे नाही.

या वीटकामाला एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू असा माल घेतला, तर एका ब्रासला साधारण ४ पोती सिमेंट लागते. आपले काम साडेपाच ब्रास, म्हणून २२ पोती. सगळी पोती एकदम आणून ठेवू नका. सिमेंट पावसाळी हवेत गठ्ठे धरते. काम चालेल तसे आणावे.

वाळू, खडी, मुरूम ट्रॉलीने येतात. ट्रॉली रिकामी होण्याआधी तिला टेप लावा. आत १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट भरलेली ट्रॉली म्हणजे ९० घनफूट. ब्रासला १० घनफूट कमी. ट्रॉलीवाला रागावला तर रागावू द्या. मोजणे हा काही अविश्वास नव्हे.

स्लॅब आपल्या घराला ३०० चौरस फुटांचा पडेल. ५ इंच जाडीचा केला, तर १२५ घनफूट, म्हणजे सव्वा ब्रास काँक्रीट. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असे घेतले, तर सुमारे २८ पोती लागतात. सळई किती आणि कोणती, हे मात्र आम्ही सांगणार नाही. ते इंजिनियरकडून लिहून घ्यावे. शेजाऱ्याच्या स्लॅबकडे पाहून सळई ठरवू नये.

बेरीज मोठी झाली की माणूस काटछाट करायला बसतो. करावीच. जुन्या घराचे चांगले दगड पायात घाला. जुनी चौकट तासून लावा. बाहेरचा गिलावा, रंग, फरशी पुढच्या साली करा. माती वाहायला, पाणी मारायला घरचे हात लावा. पण एका ठिकाणी कात्री चालवू नका.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे आपल्याच घरांखाली गेली. ती घरे काही हलकी-सलकी नव्हती. जाड दगडी भिंती होत्या, वर माळवदाची जड माती होती. पण दगड मातीत बसवलेले. भिंतीला भिंत धरून ठेवणारे काही नव्हते. हादरा बसला तशा भिंती फुटल्या आणि माळवद खाली आले.

म्हणून दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सळईचा काँक्रीट पट्टा फिरवतात. कमरेला करदोडा असावा, तसा तो घराला असतो. आपल्या घराला किती लागेल? साडेऐंशी फूट लांब, पाऊण फूट रुंद, अर्धा फूट उंच, म्हणजे ३० घनफूट. सिमेंट ७ पोती, आणि त्याची सळई. पट्टा पुढे गिलाव्याखाली झाकून जातो, पाहुण्याला दिसत नाही. म्हणून पैसे कमी पडले, की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. रंग राहू द्या, पट्टा ठेवा.

आता हिशेबात न येणारे खर्च. सिमेंटच्या कामावर निदान ७ दिवस पाणी मारावे लागते, स्लॅबवर दहा ते चौदा दिवस. उन्हाळ्यात काम काढले आणि विहीर आटली, तर टँकर आला. परांचीचे बांबू, सेंट्रिंगच्या फळ्या, हमाली, लाइटचा मीटर, संडासाचा खड्डा. गवंड्यांचा चहा दिवसातून दोनदा, तीन महिने. चौकट बसवतानाचा नारळ आणि टॉवेल-टोपी. वास्तुशांतीचे जेवण घालू नका, असे आम्ही म्हणत नाही. घाला. पण त्याचाही आकडा वहीत लिहा, आणि किती पाने ते आधी ठरवा. एवढे करूनही काही सुटतेच. म्हणून एकूण बेरजेवर दर शंभराला दहा रुपये वेगळे धरावेत.

सरकारी मदत मिळणार असेल, तर ती कधी मिळते तेही पाहावे. २०१६ साली इंदिरा आवास योजनेच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तेव्हा सपाट मुलखातल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले, आणि घर निदान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे असावे असे ठरले. आज रक्कम किती, ते ग्रामपंचायतीत विचारा. पण हे पैसे एकदम हाती पडत नाहीत. कामाची एक पायरी पुरी झाल्याचे दाखवले, की पुढचा हप्ता येतो. तोवर वीटभट्टीवाला थांबेल का, वाळूवाला थांबेल का, हे आधी विचारून ठेवावे.

यासाठी हिशेब चार ठिकाणी तोडून मांडा. पाया आणि जोते. भिंती. छप्पर. मग दारे, गिलावा, फरशी. जोत्यावर काम थांबले, तर वर्षभर थांबता येते. बिनछपराच्या भिंती मात्र पाऊस खातो. म्हणून छपराचे पैसे दिसत नाहीत, तोवर भिंत उचलू नका.

त्या भाऊंच्या घरची हकिकत राहिली. त्यांची मंडळी आमच्या रात्रीच्या वर्गात येऊ लागल्या होत्या. हा धडा आम्ही फळ्यावर शिकवला, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी टेप मागायला आल्या. चार दिवसांनी वही घेऊन आल्या. दोन्ही खोल्यांच्या स्लॅबचा खर्च त्यांनी काढला होता आणि त्याच्यावर काट मारली होती. खाली लिहिले होते, 'एक खोली. पत्रा.'

शेडाचे पत्रे त्यांनी पुढच्या खोलीवर घातले. वरचे दोन थर विटा सुटल्या होत्या, त्या काढून पुन्हा बसवल्या. सळया घासून घेतल्या आणि आधी पट्टा फिरवला. मृगाच्या आत सगळी आत राहायला गेली. मागच्या खोलीतला एरंड उपटला, पण ती अजून उघडीच आहे. तिच्या भिंतींच्या माथ्यावर सिमेंटचा थर दिला आहे. मधल्या दाराला पोत्याचा पडदा आहे. ते दार वहीत लिहिलेले आहे. त्याच्यासमोर सुताराचा भाव आहे, आणि भावाच्या पुढे लिहिले आहे, 'तूर आल्यावर.'