ऑक्सिजन सेन्सर पुन्हा पुन्हा का जातो? एका पिकअपच्या वहीवरून काही धडे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या सायलेन्सरवर लेख लिहावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु सुपा धरणाजवळच्या आमच्या गणेशगुडीत किराणा, भाजीपाला, सिमेंट असे बरेचसे सामान लहान पिकअपमधूनच येते. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचे भाडे बुडते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून गाडीचा बिघाड हा यंत्राइतकाच हिशेबाचाही विषय आहे. त्यातही एकच भाग वारंवार बदलावा लागत असेल, तर तो बिघाड मुळापासून समजून घेणे अगत्याचे ठरते.

प्रथम हा सेन्सर म्हणजे काय ते पाहू. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या १ भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण साधले आहे की नाही, हे इंजिनमधून निघालेल्या धुरातील ऑक्सिजनवरून कळते. सायलेन्सरच्या नळीत बसविलेला सेन्सर ते मोजतो. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा तुकडा असतो. त्याच्या एका बाजूस धूर व दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा असते आणि दोहोंतील ऑक्सिजनच्या फरकामुळे अल्पसा विद्युत्दाब निर्माण होतो. पेट्रोल जास्त झाले तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर सुमारे ०.१ व्होल्ट. हे वाचून गाडीतील संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्याखेरीज हा तुकडा काम करीत नाही, म्हणून त्यात लहानसा हीटरही असतो.

बॉश कंपनीने बनविलेला असा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या मोटारीत प्रथम बसला. शिसे हे या सेन्सरला विषच, आणि आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यावर तर नव्या लहान मालगाडीलाही धुरावर अशी नजर ठेवणे भाग पडले. (डिझेल पिकअपमधील सेन्सरांची रचना वेगळी असते, येथे पेट्रोल गाडीचाच विचार केला आहे.)

चांगला सेन्सर साधारणपणे लाखभर किलोमीटर टिकावा अशी अपेक्षा असते. तो काही हजार किलोमीटरांतच जात असेल, तर दोष बहुधा त्याच्यात नसून त्याच्या आसपास असतो. मुख्य कारणे अशी :

१) पाणी. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडले की त्याला तडा जातो. आमच्याकडे पावसाळ्यात ओढ्याचे पाणी रस्त्यावर येते, तेव्हा हा धोका असतो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच धावत असेल, तर नळीत साचलेली वाफही सुकत नाही.

२) तारा व कनेक्टर. खडबडीत रस्त्यावर तार घासून उघडी पडते, चिखल कनेक्टरमध्ये शिरतो. अनेक सेन्सर बाहेरची हवा तारांच्या आवरणातूनच घेतात. म्हणून कनेक्टरमध्ये ग्रीस भरणे म्हणजे सेन्सरचा श्वास कोंडणे होय.

३) नळीची गळती. सेन्सरच्या आधी नळीला भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर सांगतो, ‘हवा जास्त आहे’. संगणक पेट्रोल वाढवितो. आणि शेवटी काजळीने सेन्सरच माखतो.

४) सिलिकॉन. इंजिन जोडताना साधा सिलिकॉन सीलंट वापरला तर त्याच्या वाफा जळून सेन्सरवर पांढरट थर बसतो.

५) ऑइल किंवा कूलंट जळणे. ऑइलमधील फॉस्फरस व जस्त यांची राख, किंवा कूलंटमधील सिलिकेट, सेन्सरची छिद्रे बुजवितात.

यांपैकी आपले कारण कोणते, हे ओळखण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वही. माझे काका गणेशगुडीहून पिकअप चालवितात. त्यांच्या गाडीचा मूळ सेन्सर ६१,००० किलोमीटरवर गेला. दुसरा ८,२०० किलोमीटर चालला, तिसरा अवघे ५,१००. एका गॅरेजात दोन्ही वेळा ‘माल हलका निघाला’ एवढेच सांगून नवा बसविण्यात आला. पुढे काका दुसऱ्या मेस्त्रींकडे गेले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी कन्नडमध्ये विचारले, “आयिल एष्टु हाक्तीरि?” म्हणजे, ऑइल किती घालता? उत्तर काकांच्या खर्चाच्या वहीत होते. दुसऱ्या सेन्सरच्या काळात वरून २ लिटर ऑइल घातले होते, तिसऱ्याच्या काळात ३ लिटर. भागाकार केला तर दर हजार किलोमीटरला पाव लिटरवरून अर्ध्या लिटरच्याही वर! सेन्सरचे आयुष्य घटत होते आणि ऑइलचा खप वाढत होता. अणशी घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की निळा धूर निघतो, हेही काकांना आठवले. घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, इंजिनमधील ओढ वाढते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत झिरपते. काढलेल्या सेन्सरच्या टोकावर राखेचा करडा थर होताच. व्हॉल्व्ह सील बदलून मग नवा सेन्सर बसविला. त्यावर आता ११,००० किलोमीटर झाले आहेत.

यावरून तपासणीचा क्रम असा ठरविता येईल. आधी स्कॅनर लावून कोड लिहून घ्यावा. पी ०१३५ असेल तर दोष हीटरच्या मंडलात आहे, म्हणून फ्यूज, तार व हीटर पाहावे. पी ०१३३ म्हणजे सेन्सर मंद झाला. अशा वेळी त्यावर थर बसला असल्याचा संशय घ्यावा. नंतर इंजिन थंड असताना नळीची गळती व तारा पाहाव्यात. मग सेन्सर काढून टोकाचा रंग पाहावा : कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, करडी-तपकिरी राख म्हणजे ऑइल, पांढरट थर म्हणजे सिलिकॉन किंवा कूलंट, आणि कूलंटची पातळी उतरत असेल तर नंतरचेच. शेवटी वहीतील तारखा पाहाव्यात. सेन्सर दर पावसाळ्यातच जात असेल तर पाण्याकडे बोट जाते. इंजिनचे काम झाल्यावर लगेच गेला तर सीलंटकडे. अंतर दर खेपेस कमी होत असेल तर आतून वाढत चाललेल्या दोषाकडे.

तेरीज जुळत नाही तेव्हा फरकाची रक्कम आपण उचंत खात्यात टाकतो. तेरीज तेवढ्यापुरती जुळते, पण चूक वहीत तशीच राहते. कारण न शोधता सेन्सर बदलणे हे असेच उचंत खाते आहे. दिवा विझतो, परंतु जे ऑइल सेन्सरला मारते तेच पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही निकामी करते. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असल्याने तो खर्च लहान मालकाला पेलणारा नसतो. तेव्हा ज्यांच्या घरी पिकअप आहे त्यांनी गाडीत एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, घातलेले ऑइल व कूलंट, बदललेला भाग असे पाच रकाने पुरेत. लिहिण्यास मिनिटभर लागते, आणि मेस्त्रींच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर तयार असते.