पावसाची बाग



सुरतेत पूर म्हटला की मोठ्यांना ऑगस्ट २००६ आठवतो. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तसा पूर आपण अडवू शकत नाही. पण जोराच्या पावसात लिंबायतसारख्या भागांत खाडीचे पाणी घरात शिरते, त्यात आपल्याच छपरांचे आणि अंगणांचे पाणीही असते. फरशीवर पडलेला पाऊस मुरत नाही. तो गटारातून खाडीकडे धावतो.

थोडा हिशोब करू. १०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० लिटर पाणी होते. १० चौरस मीटर जागा १५ सेंटीमीटर खोल केली तर तिच्यात १,५०० लिटर मावते. अशा उथळ खळग्यात खोल मुळांची झाडे लावली की झाली पावसाची बाग! १९९० च्या सुमारास अमेरिकेतील मेरीलँड राज्यात ही पद्धत सुरू झाली.

झाडे कशासाठी? आपली काळी माती भिजली की फुगते आणि पाणी सावकाश मुरते. मुळे तिच्यात वाटा करतात. जुनी मुळे कुजली की त्याच वाटांनी पाणी खाली उतरते. उन्हाळ्यात आपण माठात वाळा टाकतो ना? ती एका गवताची मुळेच. ती २ ते ३ मीटर खोल जातात. हे गवत साचलेले पाणीही सोसते आणि कोरडही. म्हणून मध्ये वाळा, काठावर निर्गुडी आणि अडुळसा लावावा.

पालकांना डासांची काळजी वाटेल, आणि ती योग्यच आहे. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून पाणी एक-दोन दिवसांत मुरलेच पाहिजे. आधी ३० सेंटीमीटर खोल खड्डा करून पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर मातीत वाळू व कंपोस्ट मिसळून पुन्हा पाहावे. तरीही साचले तर जागा बदलावी. बाग भिंतीपासून ३ मीटर दूर असावी. जादा पाण्याला गटाराकडे वाट ठेवावी.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, शाळेच्या अंगणात फरशी बसवताना एवढा तुकडा मातीचाच राहू द्यावा.

आणि मुलांनो, तुमच्या छपराचे पाणी कुठे जाते ते पुढच्या पावसात पाहा आणि वहीत लिहून आणा.