खारपाणपट्ट्यात गाडी नेताना

अकोला

चि. भाचीस,

दर्यापूरला बदली होताच तू जुनी गाडी घेतलीस, हे ताईकडून कळलं. नवी सीटकव्हरं घातलीस आणि बंपरला गार्ड लावलास, हेही तिनं सांगितलं. दिसायला बरं आहे, पण आपल्या भागात गाडी खालून खराब होते. म्हणून हे पत्र.

महामार्गाची काळजी नाही: जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना दरम्यान एका लेनचं ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं गेलं, गिनीज बुकात नोंद झाली. पण तू ज्या शेतकऱ्यांकडे जातेस त्यांची शेतं पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात आहेत आणि तिथवर पांदण, म्हणजे कच्चा शेतरस्ताच जातो.

तिथली काळी माती दगडापेक्षा वाईट. दगड लागला की आवाज होतो, माणूस थांबतो. माती मात्र मडगार्डच्या आत, दाराच्या खालच्या कडेत जाऊन बसते, ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. म्हणून चिखल वाळायच्या आत काढून टाक. दाराखाली पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती तारेनं मोकळी कर. आणि धुवायला तिथल्या बोअरचं पाणी नको. ते खारं, उन्हात वाळलं की काचेवर पांढरे डाग राहतात, तेच मीठ पत्र्याच्या सांध्यातही राहतं. पण म्हणून गावातलं नळाचं गोडं पाणी गाडीवर ओतू नकोस. तिथल्या बाया त्या पाण्याची वाट पाहत असतात. अमरावतीला घरी जाशील तेव्हा सर्व्हिसिंगवाल्याकडे खालून प्रेशरनं धुऊन घे. खालचं कोटिंग करायचं तर धुऊन, पूर्ण वाळवून, गंज घासून मगच; चिखलावर मारलेलं कोटिंग गंजच झाकतं.

पांदणीवर बैलगाडीच्या चाकोऱ्यांत दोन्ही चाकं घातलीस तर मधला उंचवटा ऑइलच्या चेंबरला घासेल. एका बाजूचं चाक त्या उंचवट्यावर ठेवून हळू जा. चेंबरखाली लोखंडी पत्रा बसवून घे. बंपरच्या गार्डाचे पैसे तिथं घातले असतेस तर बरं झालं असतं. पऱ्हाटी कापलेल्या वावरात गाडी वळवू नकोस, खुंट टायरच्या बगलेत घुसतात आणि तिथलं पंक्चर निघत नाही. टायर ट्यूबलेस असेल आणि बाभळीचा काटा टायरच्या तळात रुतला, तर जागेवर उपटू नकोस. तसंच हळूहळू पंक्चरच्या दुकानापर्यंत ने.

मोठा पाऊस झाला की गाडी डांबरावरच ठेव आणि पायी जा. ओली काळी माती मडगार्डात अशी भरते की चाकच फिरत नाही. पांदणीवरून महामार्गाला लागल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर आधी रिमच्या आतल्या बाजूला थापलेला चिखल काढ, अलाइनमेंटचा खर्च मागाहून. उन्हाळ्यात फुफाट्यामुळे एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावरच बघत जा. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि गवत अडकलं की आपल्या मे महिन्यात इंजिन तापलंच म्हणून समज.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग वस्तू एकच: पुढच्या अ‍ॅक्सलचा रबरी बूट. तो फाटला की ग्रीस जातं, माती शिरते, वळताना कटकट आवाज येतो आणि मग अख्खा जॉइंटच बदलावा लागतो. जुन्या गाडीत तो आधीच चिरलेला असू शकतो. ऑइल बदलायला जाशील तेव्हा मिस्त्रीबरोबर स्वतः खाली वाकून बघ आणि काय दिसलं ते मला फोनवर सांग.

तुझा,
मामा