सुकामेव्याच्या पत्रकाबद्दल

चि. मुक्ता हिस,


आरोग्य शिबिरात वाटायच्या पत्रकाचा तुझा मसुदा वाचला. ‘रोज मूठभर सुकामेवा खा आणि कर्करोग दूर ठेवा’ या वाक्यातला पहिला अर्धा भाग खुशाल राहू दे, दुसरा काढ. खाण्याचा सल्ला देण्यापुरता पुरावा आहे, हमी देण्याइतका नाही.

तुझा मुख्य आधार म्हणजे २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला अभ्यास. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य क्षेत्रातले पुरुष मिळून १ लाख १८ हजारांहून अधिक माणसं, तीस वर्षांपर्यंतचा पाठपुरावा. बदाम, अक्रोड, शेंगदाणे वारंवार खाणाऱ्यांत कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे दहा टक्क्यांनी कमी दिसले. पण हीच माणसं सडपातळ होती, सिगारेट कमी ओढत, व्यायाम जास्त करत, भाज्या-फळंही जास्त खात. संशोधकांनी हे फरक गणिताने वजा केले खरे, तरी जे मोजलंच नाही ते वजा कसं होणार? (अभ्यासाला थोडा पैसा या मालाच्या व्यापाराशी जोडलेल्या संस्थेचाही होता. तेवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण लक्षात असू दे.) शिवाय हा पुरावा दाण्यांचा, म्हणजे बदाम, अक्रोड, शेंगदाणे यांचा आहे. खजूर, अंजीर, मनुका यांच्याबद्दलचा फारच तुटपुंजा, आणि तासगावचा बेदाणा कितीही उत्तम असला तरी त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. तू मात्र सगळं एकाच वाटीत घातलं आहेस.

तू म्हणशील, सिगारेट तरी कुठे कोणाला चिठ्ठ्या टाकून ओढायला लावली होती? तिथेही निरीक्षणावरूनच निष्कर्ष काढला ना? आक्षेप रास्त आहे. पण तिथला फरक बघ: ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्याच्या पंधरापट, कधी त्याहूनही जास्त. एवढी दरी राहणीमानातल्या किरकोळ फरकांनी भरत नाही. दहा टक्क्यांची सहज भरू शकते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या ८२६ रुग्णांचा २०१८चा अभ्यास जास्त उमेद देतो. आठवड्याला निदान दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम दाणे खाणाऱ्यांत रोग उलटण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी होतं. पण या सगळ्यांची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती. त्यामुळे उपचारांऐवजी बदाम, असा अर्थ त्यातून निघत नाही.

‘खोटी आशा दिली तरी बिघडतं काय, खातील तर बदामच ना?’ असंही कोणी म्हणेल. बिघडतं. जर्दाळूच्या बियांतल्या द्रव्यावरून बनवलेलं औषध ‘जीवनसत्त्व बी-१७’ म्हणून विकलं गेलं. ते जीवनसत्त्व नव्हतंच. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १७८ रुग्णांना त्याचा काही फायदा झाला नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइडचं प्रमाण घातक पातळीजवळ पोचलं.

एक मुद्दा तुझ्या पत्रकात अजिबात नाही, आणि दाणे व कर्करोग यांच्यातला सर्वांत पक्का संबंध तोच आहे. १९६०मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यात बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड होती. त्यातून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. ते यकृताचा कर्करोग करतं, आणि ज्यांच्या रक्तात हिपॅटायटिस-बीचा विषाणू आहे त्यांचा धोका कितीतरी पटींनी वाढवतं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. आपल्याकडे बदामापेक्षा शेंगदाण्याचं कूट कितीतरी जास्त पोटात जातं. म्हणून सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे कुटात न घालता फेकून द्यावेत, हे पत्रकात ठळक अक्षरात छाप. त्याखाली हिपॅटायटिस-बीच्या लशीची एक ओळ असू दे. दाण्यांसाठी एवढंच लिही: फरसाणाऐवजी मूठभर बिनमिठाचे दाणे, परवडतील ते. आणि तंबाखूची ओळ शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आण.

तुझा,
मामा