गिझरचा थर्मोस्टॅट बदलताना वायरीच्या रंगावर जाऊ नका



डिसेंबरात बहिणीकडे हैदराबादला गेलो होतो. काचीगुड्याचं जुनं घर. तिकडे थंडीत सकाळी गिझर लागतोच, आणि तो नेमका बंद. भावोजी म्हणाले, "थर्मोस्टॅट गेलाय, नवा आणून ठेवलाय. तू बोटीची वायरिंग करतोस ना, मग लावून टाक."

बोटीवर 12 नाहीतर 24 व्होल्टची बॅटरी. लाल प्लस, काळी मायनस, चुकलं तर फ्यूज जातो. घरात 230 व्होल्ट, तिथे चुकलं तर माणूस जातो. 2022 च्या ऑक्टोबरात हैदराबादेतच बाथरूममध्ये गिझरचा शॉक बसून एक तरुण जोडपं गेलं होतं. त्यामुळे भावोजींना म्हटलं, घाई नको.

बघतो तर प्लग नाहीच. कोणीतरी गिझरची कॉर्ड भिंतीतल्या वायरींना पिळून वर टेप गुंडाळलेली. निळी निळीला, तपकिरी काळीला. रंगाला रंग जुळवलेला, म्हणजे बघणाऱ्याला बरोबरच वाटणार.

खरी गोम इथेच आहे. गिझर, मिक्सर, फ्रिज यांच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ. पण जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. थ्री फेज कनेक्शनच्या घरात एखाद्या खोलीला निळी फेज आलेली असते. म्हणजे इथे न्यूट्रलच्या जागी फेज जोडलेला.

तरी गिझर इतकी वर्षं पाणी तापवत होता! कारण एलिमेंटला उलटसुलट कळत नाही. पण थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी एक स्विच, पाणी तापलं की फेज तोडणारा. जोडणी उलटी असली की तो न्यूट्रल तोडतो. गिझर बंद दिसतो, दिवा विझतो, आणि एलिमेंटमध्ये 230 व्होल्ट तसेच. एलिमेंटला चीर गेली आणि अर्थ धड नसली, तर करंट सरळ पाण्यात.

मग वायर ओळखायची कशी? टेस्टरवर भिस्त नको. तो कधी नुसत्या शेजारच्या वायरीमुळे मिणमिणतो, कधी चालू वायरवरही पेटत नाही. मल्टिमीटर एसीच्या 600 किंवा 750 रेंजवर ठेवा. कोरडी जागा, पायात चप्पल, बोटं प्रोबच्या प्लॅस्टिकवरच. फेज-न्यूट्रल साधारण 230, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ जवळजवळ शून्य. फेज-अर्थ बरंच कमी आलं तर अर्थ तुटलेली समजा, ती आधी दुरुस्त करा. आमच्याकडे निळी-हिरवी 230, काळी-हिरवी दीड. मीटरची सवय नसेल तर हे वायरमनकडून करून घ्या, यात कमीपणा नाही.

पुढचं सगळं एमसीबी पाडून. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, नाहीतर मेन पाडूनही काही पॉइंट चालू राहतात. मीटर आधी चालू सॉकेटवर बघा, मग गिझरच्या वायरींवर शून्य बघा, मग परत चालू सॉकेटवर. मधल्या वेळात मीटरच गेला असेल तर शून्याला अर्थ नाही.

जुना थर्मोस्टॅट काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रत्येक वायरीला टेपची चिठ्ठी लावा. आत कित्येकदा दोन्ही वायरी एकाच रंगाच्या असतात. थर्मोस्टॅटवर येणारी आणि एलिमेंटकडे जाणारी, दोन्ही फेजच्याच. शेजारचा थर्मल कटआउट सारखा पडतो म्हणून काही कारागीर तो जोडून टाकतात. तसं अजिबात करू देऊ नका, टाकीत वाफ कोंडली तर थांबवणारा तोच.

आम्ही टेपचा सांधा काढून 16 अँपिअरचा सॉकेट आणि थ्री पिन प्लग बसवला. 2000 वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, 6 अँपिअरच्या सॉकेटचं ते काम नाही. पॅनेलमध्ये 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी नव्हती, भावोजींनी दुसऱ्याच दिवशी वायरमनकडून बसवून घेतली.

आणि हो, गरम पाण्याच्या नळातून सलग धार आल्याशिवाय स्विच लावू नका. टाकी रिकामी असेल तर नवं एलिमेंट मिनिटांत जळतं.