त्र्यंबकचा हिरा आणि साम्राज्याचा हिशेब



कोहिनूर कुणाचा, असं विचारलं तर होस्टेलच्या कुठल्याही रूममधून उत्तर येईल आणि दोन मिनिटांत वादही सुरू होईल. पण 'नासक' हिरा कुणाचा, असं विचारलं तर? बहुतेक जण गप्प बसतील. 'नासक' म्हणजे आपलं नाशिकच, इंग्रजी स्पेलिंगमधून बिघडलेलं. नाशिकपासून साधारण तीस किलोमीटरवर असलेल्या त्र्यंबकेश्वराच्या देवळात हा हिरा होता, असं परंपरा सांगते. आपण त्र्यंबकला दर्शनाला जातो, पावसाळ्यात ब्रह्मगिरी चढतो, कुशावर्तावर फोटो काढतो. पण या गावावर साम्राज्य कसं आलं, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. म्हणून हा छोटासा अभ्यास.

साम्राज्य म्हटलं की डोळ्यांसमोर तोफा येतात. पण नुसत्या तोफांवर कुणी सव्वाशे वर्षं राज्य करू शकत नाही. तोफेच्या मागोमाग कायदा येतो आणि कायद्याच्या मागोमाग वही. त्र्यंबकच्या उदाहरणात हे तिन्ही टप्पे अगदी स्पष्ट दिसतात.

पहिला टप्पा : तोफ

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि दुसऱ्या बाजीरावांची पळापळ सुरू झाली. त्यांच्या मागावर फौज होतीच, दुसरीकडे एकेक किल्ला घेणं चालू होतं. एप्रिल १८१८ मध्ये कर्नल मॅकडोवेलची तुकडी त्र्यंबकला पोचली. गडाचे कडे इतके सरळ की वर चढून हल्ला करणं जवळजवळ अशक्य. तरी थोड्याच दिवसांत गड शरण आला. पायथ्याचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेलं, म्हणजे ज्या घराण्याने देऊळ उभारलं त्याचीच सत्ता त्या देवळाच्या डोक्यावरच्या गडावरून उतरली. जूनमध्ये बाजीराव स्वतः माल्कमच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन आणि मुक्काम गंगेकाठी बिठूरला! युद्धाच्या शेवटी पेशव्यांकडचा हा हिरा इंग्रजांच्या हाती पडला.

दुसरा टप्पा : कायदा

आता खरी गंमत. इंग्रज याला चोरी म्हणत नव्हते. युद्धात मिळालेला माल राजाचा आणि राजाच्या मर्जीने तो फौजेत हुद्द्याप्रमाणे वाटायचा, असा त्यांचा रीतसर नियम होता. त्याला ते 'प्राइज' म्हणत. आपल्याकडे बक्षीस स्पर्धा जिंकणाऱ्याला मिळतं, त्यांच्याकडे देश जिंकणाऱ्याला! दख्खनच्या या लुटीचा वाटा कुणाला किती, यावरून लंडनमध्ये बरीच वर्षं वाद चालले.

ज्याचा माल गेला त्याचं काय? त्याचंही उत्तर मिळालं. रायगडचे किल्लेदार नारो गोविंद औटी यांची संपत्ती पुण्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी जप्त केली. ती खाजगी आहे, असं म्हणून त्यांच्या बाजूने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला गेला आणि कोर्टाने तो मान्यही केला. पण १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. ही जप्ती युद्धाचा भाग आहे, सबब साध्या कोर्टाला त्यात बोलायचा अधिकार नाही, असा त्याचा सारांश. थोडक्यात काय, दार उघडं ठेवायचं आणि आत जायला मनाई करायची.

हिरा लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांकडे गेला. १८३७ च्या लिलावात त्याला ७,२०० पौंड मिळाले. साधारण दहा रुपयांना एक पौंड धरला तर ७२ हजार रुपये, म्हणजे बाजीरावांच्या जेमतेम एका महिन्याच्या पेन्शनइतके. पुढे तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या घराण्यात राहिला, १९२७ मध्ये पॅरिसच्या जवाहिऱ्याकडे आणि मग अमेरिकेत गेला. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची किंमत पाच लाख डॉलर झाली.

आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून एक आकडेमोड. भारतातून गेला तेव्हा हिरा सुमारे ९० कॅरेटचा होता. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे वजन १८ ग्रॅम. लंडनमध्ये त्याला नव्याने पैलू पाडले, तेव्हा सुमारे ८० कॅरेट उरले. १९४० मध्ये हॅरी विन्स्टनने पुन्हा कापला, उरले ४३.३८ कॅरेट, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमच्या आत. अर्ध्याहून जास्त हिरा नुसता 'सुधारणा' करण्यात गेला! उद्या तो परत आणायचा ठरला तरी त्र्यंबकहून गेलेला हिरा आता जगात नाही.

तिसरा टप्पा : वही

तोफ एकदाच चालते, वही रोज चालते. सातारच्या १८१८ च्या जाहीरनाम्यात एल्फिन्स्टनने इनामं, वतनं आणि धर्मकार्य चालू ठेवायचं आश्वासन दिलं. दिसायला उदार, पण कुठलं इनाम कुणाचं हे ठरवायची लेखणी आता कंपनीच्या हातात गेली. लोकांनी हे सगळं मुकाट्याने घेतलं असंही नाही. डिसेंबर १८५७ मध्ये भिल्ल आणि ठाकर मंडळींनी त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला. देवळावर नाही, खजिन्यावर. नवी सत्ता कुठे बसली आहे ते त्यांना बरोबर कळलं होतं.

१८८३ मध्ये कॅम्पबेलच्या देखरेखीखाली नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं. डोंगर, जाती, पिकं, यात्रा, सगळं मोजून लिहिलेलं. ते राज्य करायच्या सोयीसाठी लिहिलं होतं हे खरं. पण आज आपल्याला आपल्याच गावाची माहिती हवी असली की तेच पुस्तक उघडावं लागतं, हेही तितकंच खरं.

मात्र त्र्यंबकला दुसरी एक वही आधीपासून आहे. तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळी असतात. आमच्या घराण्याचं पानही आहे. त्यावर पणजोबांच्या हातच्या दोन ओळी आहेत, मोडीत. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. हिऱ्याच्या लिलावाचं इंग्रजी वर्णन मी सहज वाचते, पणजोबांच्या दोन ओळी मला वाचता येत नाहीत. यात सगळा दोष इंग्रजांचा नाही. त्यांच्या कचेऱ्यांतही मोडी चालत होती. छपाईला बाळबोध सोयीची म्हणून मोडी मागे पडली आणि शेवटी आपणच ती सोडली.

तसंच आपल्या विषयाचं. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसने मुंबईत इंजिनिअरिंग मराठीतून शिकवलं आणि त्यासाठी गणिताची पुस्तकं मराठीत आणली. १८४७ च्या सुमारास शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने आणि जर्व्हिस, नाना शंकरशेट देशी भाषेच्या बाजूने, असा वाद झाला. उच्च शिक्षणात इंग्रजी जिंकली. आपली व्हायवा आज इंग्रजीत होते, त्यामागे हा इतिहास आहे.

मग हिरा परत मागायचा की नाही? जरूर मागावा, न्याय जुना झाला म्हणून संपत नाही. पण तो आपल्या हातात नाही. पणजोबांच्या दोन ओळी मात्र आहेत, आणि त्या कुणी लंडनला नेलेल्या नाहीत. मोडीची बाराखडी रोज अर्धा तास बसलं तर येण्यासारखी आहे. सबमिशन झाल्यावर मी सुरू करणार आहे. सोबत कुणाला बसायचं असेल तर गर्ल्स होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये चिठ्ठी लावून ठेवते. बॉईज होस्टेलवाल्यांसाठी लायब्ररीतला एक कोपरा मागून घेऊ.