नातवाची लाळ, भाचीची सही

प्रश्न : माझा मुलगा आणि सून न्यू जर्सीत असतात. नातू पाच वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. तिथल्या कुठल्याशा संशोधनासाठी त्याची आणि आईबाबांची लाळ नळीत भरून पाठवायची आहे, असं सून सांगत होती. लाळेवरून काय कळणार? नातवाला त्याचा काही फायदा होईल का? माझ्या कुडाळच्या भाचीच्या मुलालाही हाच त्रास आहे. तिला इथे अशा कामात भाग घेता येईल का? – एक आजी, सांगली

उत्तर : फायद्याचं आधी सांगतो. नातवाला थेट फायदा बहुधा होणार नाही. संशोधन म्हणजे उपचार नव्हे, आणि हे ज्या घराला पहिल्या दिवशी पटतं त्या घराची पुढे निराशा होत नाही.

सूनबाई सांगत होत्या तो बहुतेक ‘स्पार्क’ हा प्रकल्प असावा. न्यूयॉर्कच्या सायमन्स फाउंडेशननं तो २०१६ मध्ये सुरू केला. अमेरिकेत राहणाऱ्या कुटुंबांनाच त्यात नाव नोंदवता येतं. नळ्या घरी येतात, भरून टपालानं परत करायच्या, खर्च काही नाही. लाळेत तोंडातल्या पेशी असतात आणि पेशींत डीएनए. मुलाच्या डीएनएत एखादा बदल सापडला, तर तो आईकडून आला, बाबांकडून आला, की दोघांतही नसताना त्याच्यातच नव्यानं झाला, हे तिघांचे नमुने शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. अशा नव्यानं झालेल्या बदलांचा ऑटिझमशी असलेला संबंध ठळकपणे पुढे आला, तो याच संस्थेनं आधी जमवलेल्या सुमारे २,६०० कुटुंबांच्या नमुन्यांतून. पुढे २०२० मध्ये पस्तीस हजारांहून अधिक लोकांच्या डीएनएच्या अभ्यासातून ऑटिझमशी जोडलेली १०२ जनुकं समोर आली. ‘तुमच्याकडून आलं की आमच्याकडून’ हा दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांचा आवडता वाद निदान काही घरांत तरी त्यामुळे मिटतो.

ठोस जनुकीय कारण सापडलं आणि कुटुंबानं होकार दिलेला असला, तर ते कळवलं जातं. बहुतेकांना मात्र असं काही कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांनाही बरीच वाट पाहावी लागते. तरीही मुलाला-सुनेला मी ‘पाठवा’ असंच सांगेन. जगातल्या जनुकीय नोंदींत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार मोठा आहे. आपल्याकडच्या मुलात एखादा बदल दिसला, तर तो निरुपद्रवी आहे की नाही हे ताडून पाहायला आपल्या माणसांचे नमुनेच पुरेसे नसतात. तुमच्या घरच्या तीन नळ्यांची किंमत त्यामुळे तिथे जरा जास्तच आहे.

पण सही करण्यापूर्वी एक गोष्ट वाचायलाच हवी : ही माहिती पुढे कोणाकोणाला दिली जाणार? नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लावून ती इतर संशोधकांनाही मिळते. कुटुंबाला नंतर बाहेर पडता येतं, मात्र एकदा वाटली गेलेली माहिती परत येत नाही. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये ‘स्पेक्ट्रम टेन के’ नावाचा मोठा प्रकल्प जाहीर झाला. आमच्या डीएनएचं पुढे काय करणार, असं खुद्द ऑटिझम असलेल्या लोकांनीच विचारायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांत तो थांबवावा लागला. त्या लोकांचा विज्ञानाला विरोध होता असं मला वाटत नाही. त्यांनी योग्य तेच विचारलं.

आता कुडाळ. संशोधन म्हणजे रक्त आणि लाळच, असं भाचीनं समजू नये. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातल्या पहिल्या मुलाची बरीचशी हकीकत त्याच्या वडिलांनी पाठवलेल्या ३३ पानी पत्रातून आली होती. आईबाप रोज जे पाहतात ते डॉक्टरला तपासणीच्या अर्ध्या तासात कुठून दिसणार?

कुडाळच्या शेजारी गोव्यातच याचं उत्तम उदाहरण घडलं. तिथे आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांच्या कुटुंबांनी एका चाचणीत भाग घेतला. गोव्यातलं काम ‘संगाथ’ या संस्थेनं केलं. पालक मुलाशी खेळतात त्याचं चित्रीकरण करायचं आणि मग ते पालकांसोबत बसून पाहायचं : इथे त्यानं तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही घाई केलीत. अशा बारा बैठका. घेणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. निष्कर्ष २०१६ मध्ये आले. मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं, पण दोघांचं एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष असण्याचा वेळ मात्र घटला. हा दुसरा भाग संशोधकांनी झाकून ठेवला नाही, म्हणून मला हे काम विशेष आवडतं. या ६५ पैकी ३३ मुलांना बैठका मिळाल्याच नाहीत. त्यांची नेहमीची देखभाल तेवढी चालू राहिली, कारण तुलना करायची तर असा गट लागतोच. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरतं. भाचीला उद्या अशी संधी आली, तर मूल या दुसऱ्या गटात जाऊ शकतं हे पचवूनच तिनं हो म्हणावं.

ती चाचणी संपली. सध्या कुठे काय चालू आहे ते ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत कोणालाही फुकट पाहता येतं. औषधोपचारांच्या चाचण्यांची नोंद तिथे २००९ पासून सक्तीची आहे. ठिकाण, मुलांचा वयोगट, नीतिसमितीची मंजुरी, सगळं त्यात असतं. सगळं इंग्रजीत आहे, तेव्हा घरातल्या एखाद्या कॉलेजकुमाराला शेजारी बसवा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमतीही विचारावी लागते. बोलता न येणारं मूल मान फिरवतं, कान झाकतं, दाराकडे ओढतं. माझ्या मते तेही ‘नाही’च, आणि भाचीनं ते संशोधकाला ठणकावून सांगावं.

राहिला पैसा. संशोधनात भाग घेण्याचे पैसे कुटुंबाकडून घ्यायचे नसतात. ‘संशोधन चालू आहे’ म्हणत ऑटिझमसाठी स्टेम सेलची इंजेक्शनं लाखोंना विकणारे आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं २०२२ मध्येच या उपचाराची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं. भाचीकडे कोणी पावतीपुस्तक घेऊन आलं, तर तिनं सरळ नाही म्हणावं. पैसे न मागणारा आला, तर त्याच्याकडे मराठीतलं माहितीपत्रक मागावं, घरी नेऊन दोनदा वाचावं आणि सही दुसऱ्या दिवशी करावी.